चौदा नंबरचे बल्ब

"किती गेलं गं माझं?" अक्कानं दारातूनच विचारलं.

टेस्टरूममध्ये माउंटिंगच्या बायकांना यायची परवानगी नव्हती. जेवणाची सुट्टी झाली की ती डबा हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि मान थोडी वळवून आत बघायची. आत रॅकवर दोनशे बल्ब भर दुपारी जळत असायचे. मी काळा चष्मा वर सारला.

"एक बी न्हाई," मी म्हणाले.

"खरं सांग."

"खरंच सांगते. धाच्या धा चालू हाईत."

"मग ठीक हाय." तिनं श्वास सोडला. "ये लवकर, भाकरी गार व्हतीया."

ती गेली. माझ्या ॲप्रनच्या खिशात तिचे तीन मेलेले बल्ब होते आणि त्यातला एक अजून कोमट होता.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. साताऱ्याच्या एमआयडीसीत तेव्हा प्रभात लॅम्प वर्क्स नावाचा बल्बचा कारखाना होता. आता तिथं गोदाम आहे. आम्ही दोघी बहिणी तिथं कामाला होतो. अक्का म्हणजे मालन, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नवऱ्यानं तिला दोन वर्षं नांदवलं आणि मग आणून सोडलं. कारण त्यानंही कधी सांगितलं नाही आणि हिनंही नाही. चार-पाच वर्षं ती घरात खालमानेनं वावरली. आल्यागेल्यासमोर चहा ठेवायचा आणि आत जायचं, एवढंच तिचं काम. कारखाना निघाला तेव्हा बोटं बारीक आणि नजर तेज असलेल्या बायका हव्या होत्या. अक्काला घेतलं, आणि वर्षभरात ती मान वर करून चालायला लागली. मी मॅट्रिक झाले होते, म्हणून मला तिच्या मागून टेस्टरूममध्ये नोंदी ठेवायला घेतलं.

माउंटिंगचं काम म्हणजे बल्बच्या पोटात जी तार तापून उजेड देते, ती जागेवर बसवायची. टंगस्टनची तार, केसाहून बारीक, गुंडाळून गुंडाळून बोटाच्या दोन पेरांएवढी केलेली. सरळ केली तर हातभराहून लांब भरेल. तिची दोन टोकं दोन खांबांच्या चिमटीत धरायची आणि मधला भाग बारीक आकड्यांवर तोलायचा. भिंगाखाली बघून, चिमट्यानं, श्वास धरून. वेटोळी सगळीकडं सारखी राहायला हवीत. एका बाजूला दाटली की ती जागा जास्त तापते आणि तिथंच तार तुटते. प्रत्येक बाईला नंबर होता. अक्काचा चौदा. दर महिन्याला प्रत्येकीच्या मालातले दहा बल्ब माझ्याकडं यायचे. काचेवर शाईनं नंबर घातलेला असायचा. ते रॅकवर लावायचे आणि मरेपर्यंत जाळायचे. हजार तास टिकायला हवेत. म्हणजे बेचाळीस दिवस. कुठला कधी गेला ते मी वहीत लिहायचं. लोकांच्या पोरी बालवाडीत शिकवत होत्या, मी बल्बांच्या मरणाच्या वेळा लिहीत होते. पण काम मला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

टेस्टरूमचे साहेब उपासनी म्हणून होते. बोलायची फार हौस, आणि ऐकायला मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बल्बचा सगळा इतिहास ऐकवला. एकट्या एडिसनचं नाव घेऊ नका, म्हणायचे, त्याच्या आधी पंचवीस-तीस जण ह्या तारेपायी डोकं फोडून गेलेत. कुणी प्लॅटिनम लावलं, कुणी कागदाचा कोळसा. एडिसनच्या माणसांनी जगभरातनं गवतं-बांबू गोळा केले आणि जपानी बांबूच्या तंतूचा कोळसा सगळ्यांत टिकला. मग टंगस्टन आलं.

"पण शिंगटे, तारेचा स्वभाव बदलला नाही," ते म्हणायचे. "जळताना ती हळूहळू उडत असते. काच आतनं काळी पडते ना, ती तारच असते. उडता उडता एका जागी बारीक होते. तिथं जास्त तापते, म्हणून जास्त उडते. आणि एक दिवस सकाळी तुम्ही बटण दाबता आणि जाते."

"सकाळीच का, साहेब?"

"गार तार एकदम पुष्कळ वीज ओढून घेते. तो दणका म्हाताऱ्या तारेला सोसत नाही. जळत असताना फार थोडे बल्ब जातात. जातात ते लावताना."

म्हणून आम्ही रोज सकाळी सगळे दिवे बंद करून अर्धा तास गार होऊ द्यायचो आणि परत लावायचो. लोकांच्या घरात जे होतं ते इथंही व्हायला पाहिजे. मेलेला बल्ब भिंगाखाली कसा वाचायचा तेही त्यांनीच शिकवलं. तार कुठं तुटली, टोकाला वितळून मणी झालाय का, वेटोळी दाटलेली आहेत का. "मेलेला बल्ब सगळं सांगतो," ते म्हणायचे, "कुणीतरी विचारायला हवं."

त्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात मी चौदा नंबरच्या बल्बांना विचारलं.

तीनशे तासांच्या आतबाहेर तीन गेले होते. तिन्हींची तार एकाच ठिकाणी तुटलेली, डाव्या खांबाच्या जवळ. तिथं वेटोळी दाटीनं बसलेली, उजवीकडं मात्र चांगली मोकळी. बल्ब बनवणाऱ्या बाईला डावं टोक नीट दिसत नव्हतं. मी भिंग खाली ठेवलं आणि मला एकेक आठवायला लागलं. अक्काचा डावा खांदा हल्ली दाराला लागायचा. कप भरताना चहा बशीत सांडायचा. आणि ती बघायची मान वळवून, चिमणीसारखी. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

आता चौदा नंबर फेल असं लिहायचं, एवढंच माझं काम होतं. पण त्याच्या पुढं काय होतं ते मी सोजरच्या वेळी बघितलं होतं. सोजर आमच्याच आळीतली, नऊ नंबर. तिचे बल्ब लागोपाठ दोन महिने फेल गेले. कारखान्यानं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि तिथनं आल्यावर माउंटिंगमधनं काढून पॅकिंगला बसवलं. पॅकिंग म्हणजे पुठ्ठ्याच्या नळकांड्यात बल्ब घालायचे. ते काम कुणीही करील. बायका तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पण सोजर डबा खायला एकटी बसायला लागली. एक दिवस ती आमच्याकडं येऊन रडली. अक्कानं तिच्या पाठीवर हात फिरवला.

"रडू नगंस," अक्का म्हणाली. "बल्बांनी सांगितलं तरी. न्हाईतर तुला कळलं असतं कधी?"

मला वाटलं, अक्का तिची नुसती समजूत घालतेय.

अक्कावर ती पाळी यावी हे मला सोसणारं नव्हतं. नवऱ्यानं टाकली तेव्हा जी मान खाली गेली होती, ती ह्या भिंगाखाली वाकून वर आली होती. आणि दुसरीही एक गोष्ट होती. उपासनी साहेब त्याच आठवड्यात म्हणाले होते, मार्चमध्ये माउंटिंगचं दुसरं टेबल सुरू होणार, नव्या मुलींना शिकवायला एक बाई नेमायची. "जिचे बल्ब टेस्टला सगळ्यांत चांगले, तिला. नुसतं शिकवायचं. स्वतः माउंटिंग करायची गरज नाही."

मी हिशोब केला. पस्तिशीला आलेल्या बाईची नजर थोडी मंदावते, चष्मा लागतो, एवढंच मला डोळ्यांतलं कळत होतं. मार्चपर्यंत ढकलायचं. मार्चनंतर अक्काला चिमटा हातात धरावा लागणार नाही. मानानं बाजूला होईल, मग चष्मा लावू दे नाहीतर दोन लावू दे. मला माझं डोकं फार चालतं असं वाटत होतं तेव्हा.

मी तयार मालातले तीन चांगले बल्ब आणले, स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसली आणि शाईनं चौदा लिहून रॅकवर लावले. वहीत "चालू" असं लिहिलं. महिनाअखेर राहिलेल्यांतले चार गेले, तेही तसेच बदलले.

पुढच्या महिन्यापासून मी आणखी शहाणी झाले. दहा बल्ब आले की रॅकवर लावायच्या आधीच बदलून टाकायचे. पाच नंबरच्या बाईचा हात फार चांगला होता, तिच्या मालातले घ्यायचे. अक्काचे खरे बल्ब नंबर पुसून मालात मिसळायचे. ते कुणाच्या तरी घरी जाऊन लवकर विझले असतील. त्या लोकांचा मी विचार केला नाही. एक बल्ब मात्र मी घरी आणला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. का ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिच्या हातचा होता, म्हणून असेल.

दर महिन्याला टेस्टचे सरासरी तास बोर्डावर लागायचे, तिथं चौदा नंबर वर वर जायला लागला. हजार चाळीस तास. हजार ऐंशी तास. आणि दर महिन्याला अक्का टेस्टरूमच्या दारात उभी राहायची.

"किती गेलं माझं?"

"एक बी न्हाई."

"खरं सांग, रतन."

"अगं, किती वेळा सांगू? तुझं बल्ब मरायचंच विसरल्यात."

"मग ठीक हाय."

मला वाटायचं, हिला आता गर्व झालाय, कौतुक ऐकायला येते. आणि मला ते आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कशाचा तरी गर्व वाटत होता.

दिवाळीच्या सुमाराला एकदा संध्याकाळी मी भाकरी थापत होते. अक्का खाटेवर बसून वर बल्बकडं बघत होती.

"रतन, दिव्याभवती कडं दिसतंय का गं तुला? रंगाचं?"

"कसलं कडं?"

"आपलं ढगात चंद्राला पडतं तसं. तांबडं-हिरवं."

"माझ्या खोलीत दिवसभर उभी रहा, मग कळंल," मी म्हणाले. "मला तर डोळं मिटलं तरी बल्ब दिसत्यात."

ती हसली. "तू चष्मा लावतीस की काळा."

"तू बी लाव."

"आन् डोकं? डोकं बी ठणकतंय आठवडाभर."

"बाम लाव. भिंगात बघून बघून ठणकणारच. सगळ्याच बायकांचं ठणकतंय."

तिनं बाम घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलं, एकदा डोळं दाखवून यावं. पन बल्ब तर चांगलं चालल्यात, न्हाई का?"

"चालल्यात की."

"मग ऱ्हाऊ दे."

भाकरी करपली होती. मी ती उलटली आणि दुसरी थापायला घेतली. हे बोलणं मी विसरूनही गेले होते. पुढं ते आठवलं आणि तेव्हापासून ते कधी विसरता आलं नाही.

शिमग्यानंतरच्या सोमवारी बोर्डावर नाव लागलं. नवीन टेबल, शिकवणारी बाई: मालन शिंगटे. मी धावत जाऊन अक्काला सांगितलं. सकाळपासून तिचं डोकं फुटत होतं, दोनदा उलटी झाली होती. मी म्हटलं घरी रहा, तर म्हणाली, आजच्या दिवशी कशी राहू. नवी साडी नेसून आली होती, अबोली रंगाची. माउंटिंगच्या हॉलमध्ये आठ नव्या मुली ओळीनं उभ्या होत्या. उपासनी साहेब मुद्दाम आले होते आणि त्यांच्या मागं मीही घुसले. आज मला कोण अडवणार होतं?

"मालनबाई, एक करून दाखवा," साहेब म्हणाले. "ह्यांना कळू दे हात कसा असतो."

हे माझ्या हिशोबात नव्हतं. अक्का बसली. चिमट्यानं तार उचलली आणि खांबाकडं नेली. डावं टोक खांबाच्या बाजूला, हवेतच ठेवलं. तार खाली पडली. तिनं दुसरी उचलली. तीही पडली. एक मुलगी खुदकन हसली आणि गप्प झाली. तिसरी तार अक्काच्या चिमट्यातच चुरगळली. मग तिनं चिमटा टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि सावकाश विचारलं, "लाइट गेली का गं?"

हॉलमध्ये चाळीस ट्यूबलाइट जळत होत्या.

कारखान्याच्या गाडीनं तिला आधी गावातल्या डॉक्टरकडं नेलं आणि तिथनं पुण्याला, डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात. काचबिंदू. डोळ्यातलं पाणी तुंबतं, आतला दाब वाढतो आणि नजरेची शीर मरत जाते. कडेनं मरत येते, म्हणून माणसाला पटकन कळत नाही. डावा डोळा कधीच गेला होता. उजव्यावर लगेच ऑपरेशन केलं. पंधरा दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा तिला खिडकीचा चौकोनही दिसला नाही.

डॉक्टर तिच्याहून लहान असतील. चांगला माणूस होता. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"बाई, हे सहा-सात महिन्यांपूर्वी यायला हवं होतं. उजवा डोळा राखता आला असता. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं की," अक्का म्हणाली. "दिव्याला कडी दिसायची. डाव्या अंगाचं माणूस एकदम पुढ्यात यायचं. मला लई भ्या वाटायचं."

"मग दाखवलं का नाही कुणाला?"

"तपासत व्हते की. दर महिन्याला तपासत व्हते."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"म्या बल्बात तार बसवते, डॉक्टर. नजर हलली की तार वाकडी बसती, आन् वाकडी बसली की बल्ब मरतो. आमच्यातल्या सोजरला तसंच कळलं. म्हनून म्या दर महिन्याला इचारायची, किती गेलं माझं. एक बी गेला न्हाई. हजार हजार तास चाललं. डोळं बिघडलं असतं, तर चाललं असतं का?" तिनं हात पुढं केला, चाचपला आणि माझा खांदा धरला. "ही माझी भन. हीच तपासायची. हिला इचारा."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मी समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघत होते. सगळ्यांत वरचं अक्षर मोठं होतं, तेही मला दिसेना.

मला वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, हिची नजर गेली, नोकरी गेली, उरलीय ती मी एकटी. तेही हिच्याकडनं काढून घ्यायचं? असं मी स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की माझी छाती झाली नाही.

पुढं पस्तीस वर्षं आम्ही दोघीच राहिलो. मी लग्न केलं नाही. लोक म्हणतात, रतननं बहिणीसाठी आयुष्य दिलं. मी लोकांना बोलू देते. कारखाना बंद पडल्यावर पतपेढीत चिकटले आणि तिथनंच रिटायर झाले. सोजर अजून आळीत आहे. वेळेवर औषध मिळालं, तिचे डोळे वाचले. जाड चष्मा लावून सुईत दोरा ओवते. ती समोरनं आली की मी गल्ली बदलते.

अक्काची एक सवय होती. संध्याकाळी मी दिवा लावला की खाटेवर बसल्या बसल्या हात वर करायची. साठचा बल्ब मी मुद्दाम खाली, तिच्या हाताच्या टप्प्यात लोंबता ठेवला होता. तळव्याला ऊब लागली की म्हणायची, "लागला." उपासनी साहेब सांगायचे, बल्ब ही मुळात शेगडी आहे, शंभर भाग वीज खाते आणि पाच-सहा भागच उजेड देते, बाकी सगळी उष्णता. साहेबांना त्याची लाज वाटायची. अक्काला मात्र त्या बाकीच्या चौऱ्याण्णव भागांतनंच कळायचं की संध्याकाळ झाली.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमचा बल्ब गेला. मी आठ दुकानं फिरले. "ते आता येत नाहीत, मावशी," सगळ्यांनी सांगितलं आणि हातात एलईडी ठेवला. तो आणून लावला. घर पांढरंफेक दिसायला लागलं.

अक्कानं हात वर केला. थोडा वेळ तसाच धरला.

"रतन, दिवा लावला न्हाईस?"

"लावलाय, अक्का."

तिनं तळवा आणखी जवळ नेला. काचेला लावला.

"खरं सांग."

"खरंच लावलाय."

तिनं हात खाली घेतला. "मग ठीक हाय," ती म्हणाली. "तू म्हनतीस म्हंजी लागला असंल."

तिच्या हाताला कळत होतं की दिवा नाही. तरी तिनं हातावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि घडीतनं तो बल्ब काढला. शाई फिकट झाली होती, पण चौदा वाचता येत होता. एलईडी काढून मी तो लावला, पिवळा उजेड पडला. अक्काचा हात आपोआप वर गेला.

"आता लागला," ती म्हणाली. "कुठनं आणलास?"

"तुझाच हाय. तुझ्या हातचा. म्या एक ठेवला व्हता."

तिचं तोंड उजळलं. त्या बाईला इतकं हसताना मी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. बोटांनी हवेतच चिमटा धरल्यासारखं करून म्हणाली, "चौदा नंबर व्हय? मग काय बघायला नको. हजार तास. रोजचं तीन धरलं, तर फुडल्या दिवाळीपतोर जातोय."

मी दिनदर्शिकेवर रोजचे तास टिपायला लागले. सवय, दुसरं काय. रोज बटण दाबताना माझा श्वास अडकायचा. महाशिवरात्रीच्या संध्याकाळी दाबलं, टिक् असा आवाज झाला आणि तो गेला.

"गेला?" अक्कानं विचारलं. तिनं आवाज ऐकला होता.

"गेला."

"किती झालं?"

मी दिनदर्शिकेवरच्या आकड्यांची बेरीज केली. दोनदा केली.

"तीनशे बारा."

ती स्वतःच म्हणाली, "लई वर्सं पडून व्हता, म्हनून. पडून पडून खराब झाला असंल."

तिनं मला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. माझ्या तोंडात हो आलंही होतं.

"न्हाई, अक्का," मी म्हणाले. "पडून राहून बल्ब खराब व्हत न्हाई. डाव्या बाजूला तार दाटलीया."

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं.

"समदंच असं व्हतं?"

"समदंच."

"आन् बोर्डावर लागायचं ते?"

"दुसऱ्या बाईचं. म्या तुझा नंबर घालायची."

ती रागवेल, रडेल, काहीतरी फेकेल असं मला वाटलं होतं. पस्तीस वर्षं मी त्याचीच तयारी करत होते. तिनं एवढंच विचारलं,

"कवापासनं?"

"गणपतीपासनं."

ती एकेक बोट उघडून मोजायला लागली. गणपती. दसरा. दिवाळी. चंपाषष्ठी. संक्रांत. शिवरात्र. शिमगा. दर महिन्याला ती दारात येऊन उभी राहिली होती, ते महिने होते ते.

"सात," ती म्हणाली.

बाहेर देवळात घंटा वाजत होती. अक्का ती सात बोटं तशीच धरून बसली होती आणि मी तिच्यासमोर उभी होते. दुसरा दिवा लावायचं त्या दिवशी मला सुचलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.